मुलांबरोबर जंगल, समुद्र, पक्षी: दिवाळी, नाताळ की मे? ठिकाण कसं ठरवायचं?

प्रश्न विचारला: सिंहगडरोडकर

नमस्कार मंडळी,

पुढच्या वर्षभराच्या सहली आत्ताच ठरवून ठेवायच्या आहेत, म्हणून हा धागा. आम्ही पुण्यात राहतो. मुलगी ११ वर्षांची आहे, मुलगा ७ वर्षांचा. सोबत सासूबाई असतात. वय ६८, सपाटीवर व्यवस्थित चालतात, पण पायऱ्या आणि खाली बसणं जमत नाही. मुलीला पक्ष्यांचं वेड आहे, मुलाला फक्त वाघ बघायचा आहे. शिवाय घाट लागला की त्याला हमखास उलटी होते.

पॉइंट बघा, फोटो काढा, बाजारात फिरा असली थंड हवेची ठिकाणं नको आहेत. प्राणी, पक्षी, समुद्र, रात्रीचं आकाश असं काहीतरी मुलांना नीट बघता यावं. यादी अशी झाली आहे: ताडोबा, दांडेली, वेळासची कासवं, मालवण, भंडारदऱ्याचे काजवे. सुट्ट्या दिवाळी, नाताळ आणि मे अशा तीनच, प्रत्येकी चार-पाच दिवस.

विचारायचं आहे ते असं: कुठल्या सुट्टीत काय करावं? ७ वर्षांच्या मुलाला सफारी झेपते का? आणि मुलीला दुर्बीण घ्यायची तर कुठली?

उत्तर: ऋतुमान

ठिकाणांची यादी जरा बाजूला ठेवा आणि आधी प्रत्येक सुट्टीसमोर त्या दिवसांत बाहेर काय चालू असतं ते लिहा. तुमच्या यादीतली पाचही ठिकाणं चांगली आहेत. पण प्रत्येकाचे दिवस ठरलेले असतात आणि ते शाळेच्या वेळापत्रकाशी जुळतातच असं नाही. दिवाळीत वेळासला गेलात तर कासवाचं पिल्लू दिसणार नाही. नाताळात भंडारदऱ्याला गेलात तर काजवा नाही. तिथे पोहोचल्यावर हे कळलं की मुलं नाराज होतात आणि पुढच्या सहलीचं नाव काढलं की कुरकुर सुरू होते.

दिवाळीत पाऊस नुकताच संपलेला असतो. ओढे वाहत असतात, गवत माणसाच्या उंचीचं असतं, फुलपाखरं आणि कोळी भरपूर. जंगल सगळ्यात देखणं याच दिवसांत असतं, पण मोठे प्राणी कमी दिसतात, कारण पाणी सगळीकडे असतं आणि त्यांना ठरावीक पाणवठ्यावर यायची गरजच नसते. मुलाचा वाघाचा हट्ट असेल तर ही वेळ त्यासाठी नाही. समुद्र हळूहळू निवळायला लागलेला असतो, मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरात अरबी समुद्रात वादळ झालं तर बोटी दोन-चार दिवस बंद राहतात. म्हणून दिवाळीत मालवण करणार असाल तर एखादा दिवस जास्तीचा हाताशी ठेवा. आणि भाऊबीज झाल्यानंतरचे चार दिवस सगळीकडेच गर्दीचे असतात. तुमच्या शाळेची सुट्टी लांब असेल तर त्यानंतर निघा.

नाताळात थंडी, स्वच्छ हवा, स्थलांतरित पक्षी आलेले. समुद्राचं पाणीही साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात नितळ असतं. गवत वाळायला लागलेलं असतं, त्यामुळे जंगलात नजर जरा आत पोहोचते. सगळ्यात सोयीची सुट्टी हीच, म्हणून सगळ्यात आधी भरते तीही हीच.

मे महिन्यात विदर्भात पारा ४५ च्या वर जातो आणि कोकणात दमटपणा. किनाऱ्यावरचे जलक्रीडा प्रकार पावसाळ्यासाठी साधारण २६ मे ते ३१ ऑगस्ट बंद असतात. पण मेची अखेर आणि जूनचा पहिला आठवडा हा काजव्यांचा काळ. राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, तेव्हा हे बरोबर बसतं. तुमची केंद्रीय मंडळाची शाळा असेल तर आधी वेळापत्रक बघा.

राहिलं वेळास आणि तुमच्या यादीत नसलेलं भिगवण. ही दोन्ही सुट्टीत घालूच नका, शनिवार-रविवारी होतात. भिगवण पुण्याहून शंभरेक किलोमीटर, एका दिवसाचं काम. वेळासला फेब्रुवारी ते एप्रिलमधला एखादा जोडून आलेला शनिवार-रविवार पुरतो. मोठ्या सुट्ट्या मग लांबच्या ठिकाणांना मोकळ्या राहतात.

आणखी एक. चार-पाच दिवसांत एकच ठिकाण करा. ताडोबा, मग पेंच, मग नागझिरा असं तीन ठिकाणी एकेक रात्र काढली की मुलांचा निम्मा वेळ गाडीत जातो. एका जागी तीन रात्री राहिलं की तिसऱ्या दिवशी मुलं स्वतःहून पक्षी ओळखायला लागतात.

उत्तर: इरईकाठ

ताडोब्याबद्दल लिहितो.

पहिलं काम सफारीचं आरक्षण, राहण्याचं नंतर. लोक नेमकं उलटं करतात. ताडोब्याला बरेच गेट आहेत. गाभ्याचे, म्हणजे आतल्या राखीव जंगलाचे: मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी, झरी. बफरचे, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्याचे: आगरझरी, देवाडा, जुनोना, अलिझंझा, मदनापूर वगैरे. मोहर्ली दक्षिणेला, चंद्रपूरच्या बाजूला. कोलारा उत्तरेला, चिमूरच्या बाजूला. रिसॉर्ट कोलाऱ्याला आणि सफारी मोहर्लीची निघाली, तर जंगलाबाहेरून मोठा वळसा घालून पहाटे गेट गाठावं लागतं. ७ वर्षांच्या मुलाला तीन-साडेतीनला उठवून हा प्रवास करायचा नाही. आधी गेट मिळवा, मग त्या गेटपासून पंधरा-वीस मिनिटांत पोहोचता येईल अशी खोली बघा.

आरक्षण वन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा. जिप्सीत सहा पर्यटक, शिवाय चालक आणि गाइड. तुम्ही पाच जण असाल तर पूर्ण गाडीच घ्या, अनोळखी माणूस सोबत नसला की मुलांना प्रश्न विचारता येतात. मुलांसकट प्रत्येकाच्या ओळखपत्राची माहिती आरक्षणात भरावी लागते आणि गेटवर मूळ ओळखपत्र दाखवावं लागतं. मुलांचं आधार घरी विसरून येणारं एखादं कुटुंब प्रत्येक सुट्टीत गेटवर खोळंबलेलं असतं. गाभा क्षेत्र मंगळवारी बंद असतं, १ जुलै ते ३० सप्टेंबर पूर्ण बंद. शनिवार-रविवारचे दर जास्त असतात. आत मोबाइल नेता येत नाही, तेव्हा मुलांना आधीच सांगून ठेवा.

पुण्याहून रात्रीच्या रेल्वेनं नागपूर, तिथून कोलारा साधारण ११० किलोमीटर, मोहर्ली १४० च्या आसपास. घाट नाही, त्यामुळे तुमच्या मुलाला हा प्रवास सोसेल. पोहोचल्याच्या दिवशी दुपारची सफारी ठेवू नका. गाडीला उशीर झाला तर पैसे आणि मूड दोन्ही जातं.

सफारी झेपते का, तर झेपते, पण एका दिवसात एकच. एक फेरी साधारण चार तासांची असते आणि गाडीतून खाली उतरता येत नाही. म्हणून गेटवर सगळ्यांनी, ‘मला आत्ता नाही आली’ म्हणणाऱ्यानंसुद्धा, स्वच्छतागृहात जाऊन यायचं. तीन दिवसांत तीन फेऱ्या करा, दोन गाभ्यात, एक बफरमध्ये. बफरमध्येही वाघ असतात, आरक्षण तुलनेनं लवकर मिळतं. जिप्सीच्या मागच्या सीटवर धक्के सगळ्यात जास्त बसतात, आजींना मधल्या रांगेत बसवा.

नाताळात पहाटे उघड्या जिप्सीत वारा बोचतो. कानटोपी, हातमोजे आणि गुडघ्यांवर टाकायला एक घोंगडी किंवा जाड शाल हवीच. ऊन वर आलं की थर उतरवता आले पाहिजेत, एकच जाडजूड जॅकेट कामाचं नाही. टोपीला हनुवटीखाली बांधायला दोरी हवी, नाहीतर पहिल्याच वळणावर उडते आणि ती आणायला खाली उतरता येत नाही. खाऊ डब्यात ठेवा. वेफर्सच्या पाकिटाचा आवाज शांत जंगलात फार लांब जातो, आणि प्लास्टिक तसंही आत न्यायचं नसतं.

आता वाघ. ‘वाघ दिसेल’ असं कबूल करू नका, ‘वाघाचा माग काढायला जातोय’ असं सांगा. फरक मोठा आहे. पहिल्या वाक्यानंतर मूल चार तास वाट बघतं, दुसऱ्यानंतर काम करतं. त्याला शोधायला गोष्टी द्या. वाळूच्या रस्त्यावरचा पंजाचा ठसा: मादीचा जरा लांबट, नराचा चौकोनी. मोहाच्या खोडावर अस्वलानं चढताना ओढलेले नखांचे चरे. अस्वलानं उकरलेलं वारूळ. वानरांच्या झाडाखाली जमलेली चितळं: वरून पडणारा पाला त्यांना मिळतो आणि वरच्या वानराची नजर त्यांना राखण म्हणून मिळते. सांबर पाय आपटून ‘ढाँक’ असा आवाज करू लागलं की गाइड गाडी थांबवून इंजिन बंद करतो. त्या वेळी मुलानं कुठे बघायचं हे त्याला आधीच माहीत असेल तर पुढची दहा मिनिटं तो श्वास रोखून बसतो, मग वाघ निघो न निघो. चितळ उगाचही ओरडतं, सांबर सहसा नाही. हा फरक गाइडकडून मुलीला ऐकवा.

मोहर्लीजवळ आगरझरीला फुलपाखरू उद्यान आहे. सफारी नसलेल्या वेळी आजी आणि मुलांना तिथे सकाळ सहज घालवता येते.

उत्तर: उन्हाळी सफर

इरईकाठ यांचं बाकी सगळं पटतं. पण वाघासाठी ताडोबा एप्रिल-मेमध्येच करावं असं माझं मत आहे. सागाची पानं झडलेली असतात, पाणी मोजक्याच ठिकाणी उरतं, तेलिया किंवा पांढरपवनीसारख्या पाणवठ्यांवर प्राणी यावेच लागतात. इतक्या लांब जायचं, इतका खर्च करायचा, तर दिसण्याची शक्यता जास्त असेल तेव्हा जावं. फक्त सकाळच्या फेऱ्या घ्या. पहाटे निघून साडेनऊ-दहाला परत, मग संध्याकाळपर्यंत खोलीत. ओले पंचे, ओआरएस, डोक्याला कापड. लहान मुलं घेऊन येणारे बरेच जण असंच करतात.

उत्तर: इरईकाठ

दिसण्याबद्दल तुमचं बरोबर आहे, त्यात वाद नाही. पण इथे ७ आणि ६८ वयाची माणसं आहेत. मेमध्ये दहा वाजता परतलात तरी पुढचे आठ तास खोलीबाहेर पाऊल टाकता येत नाही, रात्रीही भिंती तापलेल्या असतात. म्हणजे दिवसातले चार तास जंगल आणि बाकी वेळ कूलरसमोर. चार-पाच दिवस मुलं अशी राहत नाहीत. मुलगी १४-१५ ची झाली की तिला घेऊन मेमध्ये जरूर या. या वेळी डिसेंबर.

आणि सिंहगडरोडकर, तुम्हाला रात्रीचं आकाश हवं आहे म्हणून सुचवतो. ताडोब्याऐवजी महाराष्ट्रातलं पेंच हाही चांगला पर्याय आहे. नागपूरहून सिल्लारी गेट साधारण ७० किलोमीटर. २०२४ मध्ये पेंचला भारतातला पहिला डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, सिल्लारीजवळ वाघोली तलावाच्या बाजूला आकाशदर्शनाची सोय आहे. डिसेंबरच्या अखेरीस जेवणवेळेनंतर मृग, व्याध, कृत्तिका आकाशात वर आलेले असतात. मात्र तारीख अमावास्येच्या आसपासची धरा, पौर्णिमेला गेलात तर काही हाती लागत नाही. वाघ ताडोब्याच्या मानानं कमी दिसतो, गर्दीही कमी.

उत्तर: बाणकोट खाडी

वेळास आणि मालवण माझ्याकडे.

वेळास मंडणगड तालुक्यात, रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला. ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या साधारण नोव्हेंबरपासून किनाऱ्यावर येऊन अंडी घालतात. सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेनं २००२ पासून गावकऱ्यांबरोबर इथे संरक्षणाचं काम उभं केलं आणि त्यातूनच पुढे कासव महोत्सव सुरू झाला. अंडी कोल्ह्या-कुत्र्यांपासून वाचावीत म्हणून घरटं किनाऱ्यावरच्या कुंपणात हलवतात, प्रत्येक खड्ड्यावर तारीख आणि अंड्यांची संख्या लिहिलेली पाटी असते. एका घरट्यात शंभराच्या आगेमागे अंडी. ४५ ते ५५ दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. वाळू गार असेल तर जास्त दिवस लागतात, मार्च-एप्रिलमध्ये तापली की कमी.

हे दिवस माहीत असणं का महत्त्वाचं, तर फोन करताना ‘या शनिवारी कासवं दिसतील का’ असं विचारलंत की उत्तर ‘या, दिसतील’ असंच मिळतं. ‘या आठवड्यात पन्नास दिवस पूर्ण होणारी घरटी किती’ असं विचारा. तीन-चार असतील तर निघा. एकही नसेल तर आठवडा पुढे ढकला.

पिल्लं सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास सोडतात. घरट्यावरची टोपली उचलतात, खाली वाळूत चारेक सेंटिमीटरची काळपट पिल्लं वळवळत असतात. मग ती पाण्यापासून काही अंतरावर वाळूवर ठेवतात आणि ती स्वतः समुद्राकडे चालत जातात. ‘उचलून पाण्यात का नाही सोडत?’ हा मुलांचा पहिला प्रश्न असतो. ते चालणं गरजेचं मानलं जातं, कारण मोठी झालेली मादी अंडी घालायला जन्मकिनाऱ्याकडेच परतते. मुलीला आणखी एक सांगा: पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं, जास्त उबेत माद्या जास्त.

दोरीच्या मागे राहायचं, फ्लॅश नाही, हात लावायचा नाही. लहान मुलांना पहिल्या रांगेत बसवतात, त्यासाठी वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचा. शुक्रवारी रात्री पोहोचलात तर शनिवारी दोन आणि रविवारी सकाळी एक अशा तीन वेळा मिळतात. फक्त शनिवारी संध्याकाळी पोहोचणाऱ्याला दोनच, त्यातली एक कोरडी गेली की सगळा भार दुसरीवर. राहणं गावातल्या घरांत, जेवण साधं, शाकाहारी, उत्तम. सासूबाईंसाठी आरक्षण करतानाच विचारा: पलंग आहे का, कमोड आहे का. बऱ्याच घरांत गाद्या जमिनीवर घालतात. पेट्रोल आणि रोख पैसे मंडणगडला घ्या. ताम्हिणी-माणगाव मार्गे घाट लागतोच, त्याबद्दल खाली कोणीतरी लिहील.

मालवणचं म्हणाल तर स्कूबाचा आग्रह सोडा. दहा वर्षांखालच्या मुलाला स्कूबा करू देऊ नये, आणि सर्दी असेल तर कोणालाच नाही. कान दुखतात. स्नॉर्कलिंग मात्र सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यात दोन्ही मुलांना जमेल. अडचण मुखवट्याची येते. तिथले मुखवटे मोठ्यांच्या मापाचे असतात, लहान चेहऱ्यावर नाकाखालून पाणी शिरतं, मूल घाबरतं आणि मग पाण्यात उतरतच नाही. मुलाच्या मापाचा मुखवटा पुण्यातूनच घ्या आणि घरी बादलीत तोंड घालून नळीनं श्वास घ्यायचा सराव करून घ्या. बोट सकाळी लवकरची, दुपारी वारा सुटला की पाणी गढूळतं. लाइफ जॅकेट लहान मापाचं आहे का ते बोटीत चढायच्या आधी बघा. मोठं जॅकेट पाण्यात मुलाच्या डोक्यावर सरकतं.

मला स्वतःला मुलांसाठी सगळ्यात मोलाचे वाटतात ते ओहोटीला उघडे पडणारे खडक. डबक्यांत समुद्रफुलं, शंखातले खेकडे, समुद्री गोगलगायी, नशीब असेल तर तारामासा. फुकट आणि गर्दीविना.

प्रतिसाद: सिंहगडरोडकर

मंडळी, खूप आभार. नाताळात ताडोबा किंवा पेंच, मार्चमध्ये वेळास असं दिसतंय. काजव्यांबद्दल आणि दुर्बिणीबद्दल कोणी सांगेल का? काजव्यांच्या गर्दीचे फोटो बघून जरा धास्ती वाटते.

उत्तर: प्रवरामाई

धास्ती रास्त आहे. जूनच्या पहिल्या शनिवार-रविवारी भंडारदरा परिसरात गाड्यांची रांग लागते, आणि हेडलाइटच्या उजेडात काजवे लुकलुकणं थांबवतात. उपाय तीन: आठवड्याच्या मधला दिवस, कृष्ण पक्षातली रात्र आणि मुक्काम गावातच. तुमची सुट्टी चालू असते, मग शनिवारच हवा असं नाही. अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीसारख्या गावात राहिलात तर जेवून गावातल्या वाटाड्याबरोबर चालत जाता येतं, गाडीचा प्रश्नच येत नाही.

वळवाचे एक-दोन पाऊस होऊन हवा दमट झाली की काजवे वाढतात आणि मोसमी पाऊस धो धो लागला की संपतात. त्यामुळे नेमकी तारीख महिनाभर आधी कोणी सांगू शकत नाही. मेचा शेवटचा आठवडा ते १५ जून यातले दिवस धरा, गावात आधी फोन करा, आणि रद्द करता येईल असंच आरक्षण घ्या. जोराचा वारा असेल तर त्या रात्री कमी दिसतात. म्हणून दोन रात्री राहा.

अंधार पडल्यावर साडेसात ते दहा ही वेळ चांगली. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर जास्त असतात. उडणारे, लुकलुकणारे बहुतेक नर, माद्या बऱ्याचदा गवतात किंवा खालच्या झुडपांवर असतात, म्हणून वाट सोडून गवतात शिरायचं नाही. अंडी ओल्या मातीत, अळ्या गोगलगायींवर जगतात. बाटलीत पकडायचे नाहीत हे मुलांना निघण्यापूर्वीच सांगा. टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावा, प्रकाश पायापुढेच टाका. अंधाराला डोळे सरावायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. मध्येच कोणी मोबाइलचा पडदा उजळला की पुन्हा पहिल्यापासून. डासांसाठी अंगावर फवारे मारत झाडाखाली उभं राहू नका, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.

विजा चमकू लागल्या तर लगेच घरात परत. ते दिवस वळवाचे असतात. दिवसा रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर बघा. सांदण दरी मात्र या दोन वयांना घेऊन नको. दगडांवरून उतरायचं आहे आणि पाऊस आला तर पाणी वेगानं चढतं.

उत्तर: चित्रबलाक

मुलीची दुर्बीण. ८×३२ घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. १०× घेतली की लहान हातात चित्र थरथरतं आणि नजरेचा आवाकाही कमी, पक्षी सापडतच नाही. ८×४२ जास्त उजळ दिसते, पण पाऊण किलोच्या आसपास वजन मानेवर तासभर पेलवत नाही. झूमवाली आणि लाल भिंगांची घेऊ नका.

दुकानात मुलीला सोबत न्या. मुलांच्या डोळ्यांमधलं अंतर कमी असतं, दुर्बीण पुरेशी मिटत नसेल तर दोन गोल दिसतात आणि मूल एका डोळ्यानं बघायला लागतं. चष्मा असेल तर डोळ्यांकडच्या रबरी कडा आत दुमडा. शिकवताना: आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी धर, मान आणि नजर हलवू नकोस, दुर्बीण डोळ्यांपर्यंत आण. सुरुवात गच्चीवरून, लांबच्या पाण्याच्या टाकीवर बसलेल्या कावळ्यापासून.

पहिली मोहीम भिगवण. उजनीचं पाणी जसं उतरतं तसा चिखल उघडा पडतो आणि रोहित (फ्लेमिंगो) तिथे येतात, म्हणून जानेवारी ते मार्च चांगले. धरण काठोकाठ असेल त्या वर्षी उशिरा. कुंभारगाव किंवा डिकसळला सूर्योदयाला बोटीत असायचं म्हणजे पुण्याहून चारला निघायचं. रोहित, पट्टकदंब, चित्रबलाक, चक्रवाक, शराटी, नदीसुरय एवढे तरी एका सकाळी होतात. बोटवाल्याला निघतानाच सांगा: थव्याच्या फार जवळ नको, इंजिन लांबूनच बंद करा, पक्षी उडवू नका. मान वर करून सगळे एका दिशेला चालायला लागले की आपण जास्त जवळ आलो, हे मुलीला ओळखायला शिकवा. दहापर्यंत परत किनाऱ्याला, मग ताजी चिलापी.

दांडेलीबद्दल थोडंच. मुलीचं पक्षीवेड टिकलं तर पुढच्या वर्षी गणेशगुडीला न्या. पक्ष्यांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यांसमोर बसून जंगलातले लाजरे पक्षी हाताच्या अंतरावर दिसतात, चालावं लागत नाही. धनेशही (हॉर्नबिल) आहेत. कोरड्या महिन्यांत जा, पाऊस पडून गेल्यावर भांड्यांवर कोणी येत नाही.

उत्तर: घाटवळण

उलटीसाठी: रिकाम्या पोटी नेऊ नका आणि दूध देऊन तर नाहीच. निघण्याआधी तासभर कोरडी पोळी किंवा खाकरा. पुढच्या सीटवर बसवायचं नसेल तर मागच्या मधल्या सीटवर, समोरचा रस्ता दिसेल असं. घाटात पुस्तक, मोबाइल बंद. गोळी बालरोगतज्ज्ञांना विचारून, वजनाप्रमाणे, घाट लागायच्या अर्धा-पाऊण तास आधी. घाट सुरू झाल्यावर दिली तर उपयोग होत नाही.

सोबत असावं: गाव-रान फिरताना पाय झाकणारे बूट, प्रत्येकाचा स्वतंत्र टॉर्च, शिट्टी. साप चावला तर पाय घट्ट बांधू नका, कापू नका, मुलाला चालवू नका. हात-पाय हलू न देता १०८ ला फोन आणि थेट सरकारी रुग्णालय. पोहोचल्या दिवशी यजमानांना विचारून ठेवा की सर्पदंशावरची लस जवळ कुठे मिळते. वन विभागाची मदतवाहिनी १९२६.

प्रतिसाद: सिंहगडरोडकर

ठरलं. नाताळात पेंच, तीन रात्री सिल्लारीला. जानेवारीत भिगवण, मार्चमध्ये वेळास, जूनच्या पहिल्या आठवड्यात पुरुषवाडी. दिवाळीत मालवण, भाऊबीजेनंतर चार दिवस थांबून. बाणकोट खाडी, ते ओहोटीचे खडक बघायला वेळ कशी काढायची? आणि सासूबाईंना तिथे नेता येईल का?

उत्तर: बाणकोट खाडी

तिथीला पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनला भरती. त्याच्या सव्वासहा तास आधी ओहोटी, म्हणजे पावणेनऊच्या सुमारास. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांना हेच. अमावास्या-पौर्णिमेला पाणी सगळ्यात लांब जातं, पण ओहोटी पाच-साडेपाचला येते, पहाटे किंवा संध्याकाळी, आणि उजेड पुरत नाही. मुलांसाठी तृतीया ते पंचमी उत्तम. पाणीही बरंच हटलेलं असतं आणि वेळ सकाळी आठ ते साडेनऊ. अष्टमीच्या आसपास पाणी फारसं हटतच नाही, तो दिवस बोटीसाठी ठेवा. दिवाळीचं गणित बघा: भाऊबीज कार्तिक शुद्ध द्वितीयेला. तुम्ही चार दिवस थांबून निघालात तर सप्तमी-अष्टमी गाठाल, आणि खडक हुकतील. खडकांसाठी भाऊबीजेच्या दुसऱ्याच दिवशी निघा, नाहीतर पौर्णिमेनंतरची तृतीया धरा.

ओहोटीच्या तासभर आधी पोहोचा, पाणी वळलं की निघा. पायात मागे पट्टा असलेल्या, तळाला पकड असलेल्या चपला. शेवाळ हिरवं असेल तिथे पाय ठेवायचा नाही. उचललेला दगड होता तसाच परत ठेवायचा, त्याच्या खालच्या बाजूला अंडी चिकटलेली असतात. शंकूच्या आकाराचे नक्षीदार शंख मुलांनी उचलायचे नाहीत, त्यातला जीव डंख मारतो आणि त्याचं विष जबर असतं.

सासूबाईंनी खडकांवर चढू नये. त्यांच्यासाठी घडीची खुर्ची न्या आणि वाळू जिथे खडकाला मिळते तिथे मांडा. शंखातले खेकडे तिथेच सगळ्यात जास्त असतात.